मुलांच्या मनाचा ठाव घेणारी माता : डॉ. मारिया माँटेसरी

आपल्या वस्तीतून सहज फेरफटका मारला तरी माँटेसरी हा शब्द लिहिलेली एखादी पाटी नजरेस पडतेच. पहिलीच्या आधीचा वर्ग म्हणजे माँटेसरी, एवढाच त्याचा अर्थ आपल्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक असतो. हे एका बाईचे आडनाव आहे, ती बाई डॉक्टर होती, आपल्या देशात येऊन ती सात वर्षांहून अधिक काळ राहिली आणि तिचा मुलगा काही दिवस आपल्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, स्थानबद्ध होता, हे सांगितले की ऐकणारीला मोठे नवल वाटते.

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावे, अशी सूचना आपल्या चिटणीसबाईंकडून आली, तेव्हा मी माँटेसरीबाईंचेच नाव सुचवले. माझी उमेदीची वर्षे बालवाडीच्या कामात गेली. मुलाला पोचवायला आणि न्यायला येणाऱ्या आयांची गाऱ्हाणी मी रोज ऐकत आले. मूल ऐकत नाही, हट्ट करते, वस्तू फेकते, पाहुण्यांसमोर भोकाड पसरते, जेवायला बसले की ताटाशी खेळत राहते. यावर धपाटा, बागुलबुवा, गोळी-चॉकलेट आणि हल्ली मोबाईल, हे चार तोडगे घरोघर चालू असतात. मूल असे का वागते, त्या क्षणी त्याच्या मनात काय चाललेले असते, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारते. माँटेसरीबाईंनी तो प्रश्न उभा जन्म विचारला आणि उत्तर पुस्तकात न शोधता मुलांच्या शेजारी बसून शोधले. म्हणून त्यांची ओळख आपणा सर्व जणींना व्हावी, असे मला वाटले.

मारियाचा जन्म इटली देशातील कियाराव्हाले या लहानशा गावी ३१ ऑगस्ट १८७० रोजी झाला. वडील अलेस्सांद्रो हे सरकारी नोकर, शिस्तीचे आणि जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे हिला वाचनाची गोडी फार. मारिया त्यांचे एकुलते एक अपत्य. ती पाच वर्षांची असताना हे कुटुंब रोम शहरी राहावयास आले. त्या काळी मुलींनी फार तर शिक्षिका व्हावे, अशी समजूत होती. मारियाने मात्र तेराव्या वर्षी मुलांच्या तांत्रिक शाळेत नाव घातले, कारण तिला इंजिनियर व्हावयाचे होते. पुढे तिचा बेत बदलला आणि तिने डॉक्टर होण्याचे ठरवले. वडिलांना ते पसंत नव्हते. आई मात्र खंबीरपणे तिच्या पाठीशी उभी राहिली.

वैद्यकीच्या वर्गात सगळे पुरुष. त्यांच्या बरोबरीने एका तरुण मुलीने प्रेताची चिरफाड पाहणे असभ्य मानले जाई. म्हणून सगळे विद्यार्थी निघून गेल्यावर, दिवेलागणीनंतर, प्रेतांच्या त्या खोलीत ती एकटीने अभ्यास करी. अशा स्थितीत जिद्द न सोडता १८९६ साली ती डॉक्टर झाली. इटलीतील अगदी पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांपैकी ती एक. त्याच वर्षी बर्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेत तिने इटलीची प्रतिनिधी म्हणून भाषण केले आणि समान कामाला स्त्रियांनाही पुरुषांइतकेच वेतन मिळाले पाहिजे, अशी मागणी मांडली. महिला मंडळाच्या व्यासपीठावरून आपण आज ज्या गोष्टी बोलतो, त्या या बाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी बोलून ठेवल्या आहेत.

डॉक्टर झाल्यावर त्या रोमच्या विद्यापीठातील मनोरुग्णांच्या चिकित्सालयात काम करू लागल्या. कामाच्या निमित्ताने त्यांना वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. ज्यांची बौद्धिक वाढ खुंटली आहे अशी लहान मुलेही तेथे मोठ्या वेड्यांबरोबर कोंडून ठेवलेली असत. अशाच एका ठिकाणी मुलांवर देखरेख करणारी बाई त्यांच्यापाशी तिरस्काराने तक्रार करू लागली. जेवण झाले की ही कार्टी जमिनीवर लोळण घेतात आणि खाली सांडलेले पावाचे कण वेचतात, इतकी ती हावरी आहेत, असे तिचे म्हणणे. माँटेसरीबाईंनी खोलीभर नजर फिरवली. चार उघड्या भिंती, त्यांत ना खेळणे, ना चित्र, हाताळण्यासारखी एकही वस्तू नाही. पोट भरलेली मुले पावाचे कण खाण्यासाठी वेचत नव्हती. बोटांना काहीतरी हवे होते, मनाला काहीतरी हवे होते, आणि त्या खोलीत पावाच्या चुऱ्याखेरीज हाती घेण्यासारखे दुसरे काहीच नव्हते.

भगिनींनो, मला या चरित्रातील हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुले तीच, कृतीही तीच. देखरेखीच्या बाईला तिच्यात हावरटपणा दिसला आणि डॉक्टरीणबाईंना भूक दिसली, पण ती मनाची. पुढचे सारे आयुष्य त्यांनी या एका फरकावर उभारले.

फ्रान्समधील इतार आणि सेगँ या दोन डॉक्टरांनी अशा मुलांसाठी पूर्वी जे काम केले होते, त्याचा त्यांनी कसून अभ्यास केला. १९०० साली रोममध्ये अशा मुलांची शाळा निघाली. डॉ. ज्युसेप्पे मोंतेसानो आणि माँटेसरीबाई हे दोघे तिचे प्रमुख. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुलांत राहायचे आणि रात्री दिवसभराच्या नोंदी लिहावयाच्या, असा बाईंचा क्रम होता. ज्यांना काहीच येणार नाही असे जगाने ठरवून टाकले होते, त्यांतली काही मुले लिहावाचावयास शिकली आणि सर्वसाधारण शाळेतील मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी वाहवा केली. बाईंच्या मनात मात्र वेगळाच विचार आला. ही मुले जर इथवर येऊ शकतात, तर धडधाकट मुले आपल्या शाळांत इतकी मागे का राहतात?

याच वर्षांत त्यांच्या खाजगी आयुष्यात एक फार मोठे दुःख घडत होते. ते सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. डॉ. मोंतेसानो आणि त्या यांचे परस्परांवर प्रेम होते. मार्च १८९८ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव मारिओ. लग्न मात्र झाले नाही. लग्नावाचून झालेल्या मुलाची आई म्हणून जगापुढे उभे राहणे म्हणजे तिच्या डॉक्टरकीवर आणि कामावर पाणी सोडणे, असा तो काळ. बापाच्या नोकरीला मात्र धक्का लागला नाही. मूल गुप्तपणे रोमजवळच्या खेड्यात एका दाईकडे ठेवण्यात आले. पुढे मोंतेसानोंनी दुसरीशी लग्न केले. १९०१ साली बाईंनी ती शाळा सोडली आणि पुन्हा विद्यार्थिनी होऊन त्या विद्यापीठात तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि मानववंशशास्त्र शिकू लागल्या. अधूनमधून त्या खेड्यात जाऊन मुलाला पाहून येत. ही आपली आई आहे, असे त्याला कोणी सांगितले नव्हते.

१९०७ साल उजाडले. रोममधील सान लोरेंझो ही अगदी गरिबांची वस्ती. एका कंपनीने तेथील पडक्या इमारती दुरुस्त करून कामकरी कुटुंबांना भाड्याने दिल्या होत्या. आईबाप दिवसभर कामाला जात आणि शाळेत जाण्याच्या वयाची न झालेली मुले जिन्यांतून हुंदडत, नव्याने रंगवलेल्या भिंती खराब करत. भिंती वाचाव्यात म्हणून कंपनीने ठरवले, की मुलांना एका खोलीत गोळा करून ठेवावे. त्या खोलीची व्यवस्था माँटेसरीबाईंनी पत्करली. ६ जानेवारी १९०७ रोजी पन्नासएक मुलांचे ते बालगृह उघडले. मुले तीन ते सहा-सात वर्षांची. बुजलेली, मळलेली, कोणी सतत रडणारी, कोणी आडदांड. सांभाळायला विशेष शिक्षण न झालेली एक तरुणी. बाईंनी तिला शिकवण्याचा आग्रह धरला नाही. मुले काय करतात ते पाहावे आणि आपल्याला सांगावे, एवढेच काम तिला दिले.

त्यांनी स्वतः तेथे जे पाहिले, त्यातील चार गोष्टी सांगते.

लाकडी ठोकळ्यातल्या लहानमोठ्या भोकांत त्या त्या मापाचे दट्टे बसवण्याचे एक साधन होते. तीन वर्षांची एक मुलगी ते घेऊन बसली होती. सगळे दट्टे काढावे, मिसळावे आणि पुन्हा बसवावे, असे तिचे एकसारखे चालले होते. बाईंनी भोवतीच्या मुलांना गाणी म्हणावयास लावली. तिने मान वर केली नाही. खुर्चीसकट तिला उचलून टेबलावर ठेवले, तेव्हा तिने ठोकळा मांडीवर घट्ट धरला आणि काम पुढे चालू केले. चाळीसहून अधिक वेळा तिने ते केले आणि मग आपण होऊन थांबली. थकलेली नव्हती. झोपेतून ताजेतवाने होऊन उठावे तशी ती हसत होती. मूल चंचल असते, ते एका जागी बसत नाही, असे आपण धरून चालतो. त्याच्या मनाजोगते काम हाती आले की ते तप केल्यासारखे बसते.

दुसरी गोष्ट. मुले एका भांड्याभोवती कोंडाळे करून उभी होती. भांड्यातल्या पाण्यावर खेळणी तरंगत होती. अडीच वर्षांचे एक पोर मागे राहिले. त्याने पुढे घुसण्याचा प्रयत्न केला, पण ताकद पुरली नाही. मग ते थबकले, इकडेतिकडे पाहू लागले. कोपऱ्यात एक लहान खुर्ची दिसताच त्याचा चेहरा उजळला. तिच्यावर चढून पाहावयाचे, हा बेत त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होता. इतक्यात शिक्षिकेला त्याची दया आली. तिने त्याला पटकन उचलले आणि खेळणी दाखवली. खेळणी दिसली, पण मुलाच्या चेहऱ्यावरचा तो आनंद पार मावळला. आपली अडचण आपण सोडवणार, हा त्याचा हक्क मायेने हिरावून घेतला गेला होता. आपल्या घरात बुटाचा बंद स्वतः बांधू पाहणाऱ्या मुलाच्या हातून आपण तो ओढून घेतो आणि मग ते आदळआपट करू लागले की चिडखोर म्हणून त्याला दोष देतो. तेव्हा ही खुर्ची मला आठवते.

तिसरी गोष्ट ऐकून आपल्याला हसू येईल. बाईंनी एके दिवशी मुलांना रुमालाने नाक कसे पुसावे, फारसा आवाज न करता आणि कोणाचे लक्ष न जाईल असे शेंबूड कसा काढावा, हे करून दाखवले. मुले अगदी गंभीरपणे पाहत होती. धडा संपताच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई चकित झाल्या. मग त्यांच्या ध्यानी आले, की आपण मुलाच्या दुखऱ्या जागेवर हात ठेवला आहे. लहान मुलाला नाकावरून जो तो टोकतो, हसतो, चारचौघांत त्याचे नाक ओढून पुसतो. पण ते नीट कसे करावे हे त्याला कोणी शांतपणे शिकवलेले नसते. मुलालाही मानअपमान असतो, आणि तो आपल्याइतकाच तीव्र असतो.

चौथी गोष्ट त्या बालगृहातली नव्हे, बाहेरची आहे. नेपल्सजवळ काही मंडळी फिरावयास गेली होती, बाईही त्यांच्यात होत्या. एका तरुण आईबरोबर दीड वर्षाचे मूल होते. चालून ते दमले म्हणून आईने त्याला कडेवर घेतले. तिला उकडू लागले, तेव्हा तिने आपला कोट काढून हातावर टाकला. लगेच मूल रडू लागले. आईने समजावले, इतरांनी घेऊन पाहिले, काही दटावूनही झाले. रडणे वाढतच गेले. बाईंनी त्या आईला कोट पुन्हा अंगावर चढवण्यास सुचवले. तिने तसे करताच मूल शांत झाले. कोट अंगावर असतो, हातावर नसतो. आईचे रोजचे रूप बदलले, म्हणून त्या चिमुकल्या जिवाला सगळे जगच विस्कटल्यासारखे वाटले होते. या वयात मुलाला वस्तू जागच्या जागी असण्याची ओढ असते, हे बाईंनी अशा प्रसंगांतून ओळखले. आपल्याकडे रोजच्या वाटीऐवजी दुसरी वाटी पानात आली म्हणून दूधभात दूर लोटणारे मूल घरोघर असते. आजोबांच्या पाटावर पाहुणे बसले म्हणून रडणारेही असते. त्याला आपण हट्टी म्हणतो. ते बिचारे आपल्या जगाची घडी सांभाळत असते.

यावरून कोणी असे समजू नये, की मुलाने काहीही केले तरी बाई खपवून घेत. दुसऱ्याला इजा करणारे किंवा त्रास देणारे वागणे त्या ताबडतोब थांबवत. घेतलेली वस्तू काम झाल्यावर जागेवर ठेवलीच पाहिजे, असा दंडक होता. मात्र रागावणे, मारणे आणि बक्षिसाचे आमिष या तिन्ही गोष्टी त्यांच्या बालगृहातून हळूहळू नाहीशा झाल्या, कारण त्यांची गरजच उरली नाही. मुलांच्या उंचीच्या खुर्च्या-टेबले आली, त्यांचा हात पोचेल अशी कपाटे आली, खरी भांडी पुसण्याचे आणि खरी जमीन झाडण्याचे काम मिळाले, तसा दांडगेपणा ओसरू लागला. चार-पाच वर्षांची मुले लिहू लागली. ती पाहावयास देशोदेशींची माणसे सान लोरेंझोच्या त्या गरीब वस्तीत येऊ लागली.

१९०९ साली बाईंनी आपल्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला आणि शिक्षकांसाठी पहिला वर्ग घेतला. पाच-सहा वर्षांत त्यांचे नाव युरोप-अमेरिकेत सर्वतोमुखी झाले. १९१३ साली त्या अमेरिकेस गेल्या, तेव्हा व्याख्यानाला गर्दी लोटली.

पण १९१३ साल त्यांच्या आयुष्यात आणखी एका कारणाने मोठे आहे. आदल्या वर्षाच्या अखेरीस त्यांची आई वारली होती. आता त्यांनी पंधरा वर्षांच्या मारिओला आपल्याजवळ आणले. अधूनमधून भेटीस येणारी ही बाईच आपली आई, हे आपण कधीचेच मनाशी ओळखले होते, असे मारिओंनी पुढे सांगितल्याचे चरित्रकार लिहितात. मोठ्यांनी पंधरा वर्षे लपवले आणि मुलाने कोणी न सांगता ओळखले. मूल लहान आहे, त्याला काय कळते, असे म्हणणाऱ्यांना याहून मोठे उत्तर कोणते असेल? तरीही जगासाठी तो बरीच वर्षे बाईंचा भाचा किंवा मानलेला मुलगाच राहिला.

बालवाडीच्या माता-सभेत मी हे चरित्र सांगितले, तेव्हा एका तरुण आईने सरळ विचारले, की जिने स्वतःचे मूल दुसऱ्याकडे ठेवले, तिने आम्हाला मुले वाढवण्याचे धडे का द्यावेत? प्रश्न कडू आहे, पण तो दाबून ठेवणे बरे नव्हे. मला त्याचे उत्तर असे वाटते. मुलापासून दूर राहण्याची शिक्षा त्या बाईंनी आपण होऊन मागितली नव्हती. ती समाजाने दिली होती, आणि दोघांच्या चुकीची ती एकटीलाच दिली होती. त्या दुःखातूनच त्यांची पद्धत जन्मली, असे म्हणण्याइतका पुरावा मजजवळ नाही, आणि दुसऱ्याच्या काळजातले ठामपणे सांगण्याचा मला अधिकारही नाही. पण दुरावलेल्या मुलाची आई असताना त्यांनी कामकरी बायकांच्या मुलांना कडेवर घेतले आणि त्या बायकांना कधी दोष दिला नाही, हे तर खरे. आपल्या मंडळातील पुष्कळ सभासद नोकरी करतात. मुलाला पाळणाघरात किंवा आजीपाशी ठेवताना त्यांच्या पोटात कालवते. त्यांना मी एवढेच सांगेन, की मुलाजवळ किती तास असतो याइतकेच, जवळ असताना त्याच्याकडे कसे पाहतो, यालाही मोल आहे.

मारिओ पुढे आईचा उजवा हात झाले. दोघांनी १९२९ साली आंतरराष्ट्रीय माँटेसरी संस्था स्थापन केली. इटलीत तेव्हा मुसोलिनीचा अंमल होता. मुलांना लहानपणापासून सैनिकी साच्यात घालण्याचे त्याचे धोरण आणि बाईंचे विचार यांचे जमणे शक्य नव्हते. इटलीतील त्यांच्या शाळा बंद पडल्या. त्या स्पेनमध्ये होत्या, तेथे १९३६ साली यादवी युद्ध पेटले. मग हॉलंडमध्ये आसरा मिळाला.

१९३९ च्या अखेरीस, वयाच्या सत्तराव्या वर्षात, त्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मारिओंसह मद्रासजवळ अड्यारला आल्या. सुमारे तीनशे शिक्षक-शिक्षिका त्यांच्या वर्गासाठी जमल्या होत्या. काही महिन्यांचा मुक्काम ठरला होता. पण जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इटालियन माणसे इंग्रज सरकारला शत्रू झाली. मारिओंना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले आणि बाईंना अड्यारच्या आवाराबाहेर जाण्याची बंदी झाली. पुन्हा एकदा मुलाची ताटातूट. ३१ ऑगस्ट १९४० रोजी बाईंना सत्तर वर्षे पूर्ण झाली, त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून त्यांच्या मुलाला सोडण्यात येत होते. त्या तारेत मारिओंचा उल्लेख भाचा किंवा मानलेला मुलगा असा नव्हता, मुलगा असाच होता. बेचाळीस वर्षे जे नाते उघडपणे उच्चारता आले नव्हते, ते परक्या सरकारच्या कागदावर लिहून आले.

बाई १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या, मधली दोन वर्षे कोडाईकनालला. १९४७ मध्ये त्या पुन्हा आल्या. एक हजाराहून अधिक शिक्षक त्यांच्या हाताखाली येथे तयार झाले. कोठेही जाताना तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन निघणाऱ्या आया त्यांनी पाहिल्या. बाजार, बोलणी, माणसे हे सारे ते मूल आईच्या कडेवरून टिपत असते, न शिकवता शिकत असते, याचे त्यांना फार कौतुक वाटे. जन्मापासूनची पहिली वर्षे मूल भोवतालचे सगळे कसे आत शोषून घेते, यावरचा त्यांचा ग्रंथ १९४९ साली मद्रासलाच प्रथम प्रसिद्ध झाला. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नोर्डवाइक या समुद्रकाठच्या गावी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. मृत्युपत्रात त्यांनी मारिओंना आपला मुलगा म्हणून स्वीकारले होते.

त्यांचा विचार आपल्याकडे रुजला, तो त्या येथे येण्याच्याही आधी. गुजरातेत गिजुभाई बधेका या वकिलाने स्वतःच्या मुलाच्या संगोपनासाठी माँटेसरी वाचली आणि वकिली सोडून १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. आपल्या ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे ताराबाईंना दिसले, की महागड्या साधनांची माँटेसरी गरिबाच्या मुलापर्यंत पोचणार नाही. म्हणून १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला (आता हे गाव पालघर जिल्ह्यात आहे) बालवाडी सुरू केली आणि परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंपासून साधने बनवली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. आज माँटेसरीची पाटी लावून भरमसाट शुल्क घेणारे वर्ग पाहिले, की मला सान लोरेंझो आणि कोसबाड ही दोन्ही नावे आठवतात. या पद्धतीची सुरुवात कामकऱ्यांच्या मुलांपासून झाली, हे आपण विसरू नये.

आता आपण घरी काय करावे? महागडी साधने आणण्याची गरज नाही. मूल रडले, चिडले, अडून बसले, की प्रथम ते भुकेले, झोपाळलेले किंवा आजारी नाही ना, हे पाहावे. नसेल तर आधी काय घडले ते आठवावे. त्याचे काम कोणी मध्येच तोडले का? त्याला स्वतः करावयाचे होते ते आपण उरकून टाकले का? रोजची एखादी वस्तू जागची हलली का? चारचौघांत त्याला कोणी हसले का? कणीक मळताना लुडबुड करणाऱ्या मुलाला बाजूला ढकलण्याऐवजी कणकेचा एक गोळा द्यावा आणि ते किती वेळ रमते ते पाहावे. प्रत्येक वेळी उत्तर सापडेलच असे नाही. पण कारण शोधणाऱ्या आईचा उगारलेला हात आपोआप खाली येतो, एवढे मी इतक्या वर्षांत पाहिले आहे.

जाता जाता एक सूचना. सान लोरेंझोच्या बालगृहाच्या नियमांत एक नियम असा होता, की प्रत्येक आईने आठवड्यातून एकदा तरी तेथील बाईंना भेटून आपल्या मुलाविषयी बोलावे. घरी मूल कसे वागते ते आईने सांगावयाचे आणि येथे कसे वागते ते बाईंनी. त्या बायका दिवसभर कष्ट करून दमलेल्या असत, तरी त्यांच्याकडून ही अपेक्षा होती. आपल्या मंडळाच्या बालवाडीत माता-सभा वर्षातून दोनदा होते. ती दर शनिवारी सायंकाळी अर्धा तास भरवता येईल का, याचा विचार नव्या वर्षाच्या कार्यक्रमात व्हावा. चहाची व्यवस्था मी आनंदाने पाहीन.